गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग येतात कुठून?

दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणजे वाइसबिअर किंवा हेफेवाइत्सेन, पहिल्यांदा चाखणारा माणूस ग्लास नाकाशी नेतो आणि थबकतो. "यात केळ्याचा इसेन्स आहे का?" दोन घोटांनंतर पुढचा प्रश्न येतो, "आणि लवंग पण घातलीय ना?" दोन्हींचं उत्तर नाही. घातलेलं असतं ते गव्हाचं माल्ट, बार्लीचं माल्ट, पाणी, थोडेसे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव). केळं आणि लवंग बिअर होता होता आपोआप तयार होतात.

कशी तयार होतात, याचं एक लोकप्रिय उत्तर आहे: गरम आंबवलं की केळं, थंड आंबवलं की लवंग. हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं गेलंय की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही. मीही घेतली नव्हती. मला लवंग हवी होती, म्हणून मी बिअर थंड, मग आणखी थंड आंबवत गेलो आणि हाती आली ती एक सभ्य, गप्प, कशाचाच वास नसलेली बिअर. केळं गेलं होतं, लवंग आली नव्हती. चूक आंबवण्याच्या तापमानात नव्हतीच. यीस्ट घालायच्या काही तास आधी, दळलेलं माल्ट गरम पाण्यात ओतलं, तेव्हाच ती होऊन गेली होती.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. केळं आणि लवंग हे एकाच तराजूचे दोन पारडे नाहीत. त्यांचे कच्चे माल वेगळे, त्यांना घडवणारी यंत्रणा वेगळी आणि त्यांना कमीजास्त करायच्या जागाही वेगळ्या.

आधी कामाचा क्रम

ज्यांनी बिअर बनताना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धान्य भिजवून, मोड आणून, वाळवलं की त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात. स्वतःचा साठा फोडून कोंबाला खाऊ घालणं हे त्यांचं काम. बिअर करणारा हे काम मधेच थांबवतो आणि आपल्या सोयीनं पुन्हा सुरू करतो. माल्ट भरड दळून गरम पाण्यात कालवलं की एन्झाइम जागे होतात आणि पिठातल्या स्टार्चची साखर करतात. हे मॅशिंग, आणि त्या कालवलेल्या मिश्रणाला म्हणतात मॅश. त्यातून गाळून निघालेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. वर्ट हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्टच्या ताब्यात द्यायचं.

गव्हाच्या बिअरमध्ये जर्मन नियमाप्रमाणे निदान अर्धं माल्ट गव्हाचं असावं लागतं. उरलेलं बहुतेक वेळा बार्लीचं. हॉप्स अगदी बेताचे असतात. त्यामुळे कडूपणाच्या आड लपायला इथे जागा नाही, वासाची जी काही मजा आहे ती उघड्यावरच असते.

आता त्या दोन वासांची रासायनिक नावं सांगून टाकतो. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा (एस्टर म्हणजे अल्कोहोल आणि आम्ल जोडून बनणारं, बहुधा फळांसारख्या वासाचं संयुग). पिकलेल्या केळ्यातही हाच रेणू असतो, त्यामुळे "केळ्यासारखा" म्हणण्यापेक्षा "केळ्याचाच" म्हणणं जास्त बरोबर. (मधमाश्या धोक्याचा इशारा देताना जो गंध सोडतात त्यातही हा रेणू असतो. पोळ्याजवळ ही बिअर घेऊन बसू नये, हा सल्ला फुकट.) लवंगेचं मात्र तसं नाही. खऱ्या लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉलचा असतो. बिअरमधला वास ४-व्हायनिल ग्वायकॉल या फिनॉलचा (फिनॉल म्हणजे मसाल्याच्या किंवा धुराच्या वासाच्या संयुगांचं एक कुटुंब). दोघं एकाच कुटुंबातले, म्हणून नाक फसतं. काही जणांना त्यात लवंगेऐवजी धुराची किंवा औषधाची छटा जाणवते आणि त्यांचंही चुकत नाही.

दोन्ही रेणूंना जाणवण्यासाठी अगदी थोडी मात्रा पुरते. केळ्याच्या एस्टरला लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम, लवंगेच्या फिनॉलला त्याहूनही बरंच कमी. एवढ्याशा आकड्यांवर सगळा खेळ चालतो, म्हणून प्रक्रियेतला छोटासा फरकही ग्लासात ऐकू येतो.

लवंग: भिंतीत अडकलेलं आम्ल

लवंगेची गोष्ट धान्याच्या पेशीभिंतीपासून सुरू होते. गहू आणि बार्ली दोन्हींच्या पेशीभिंतींमध्ये अरॅबिनोझायलन नावाच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्या साखळ्यांना जागोजागी फेरुलिक आम्ल चिकटलेलं असतं. हे आम्ल लवंगेचा कच्चा माल. पण जोवर ते साखळीला चिकटलेलं आहे तोवर यीस्टला त्याचा उपयोग नाही. आधी ते सुटं व्हायला हवं.

ते सुटं करणारं एन्झाइम माल्टमध्येच असतं: फेरुलॉइल एस्टरेज. त्याला आवडतं ४३ ते ४५ अंश सेल्सिअस. स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमांना साठाच्या पुढचं तापमान लागतं, त्यामुळे वेळ वाचवण्यासाठी बरेच जण माल्ट थेट ६५-६६ अंशांच्या पाण्यात घालतात. साखर उत्तम तयार होते, बिअरही होते. पण फेरुलॉइल एस्टरेजला तेवढ्या गरम पाण्यात काम करायला फारसा अवधी मिळत नाही, कारण उष्णतेनं ते लवकर निकामी होतं. माझी ती गप्प बिअर अशीच झाली होती. एकच तापमान, एकच तास, सरळ सोपं मॅशिंग.

उपाय साधा आहे. माल्ट कमी गरम पाण्यात कालवायचं, मॅशचं तापमान ४४ अंशांच्या आसपास येईल असं बघायचं, दहा ते वीस मिनिटं थांबायचं आणि मग पुढे तापवायचं. या थांब्याला 'फेरुलिक रेस्ट' म्हणतात.

यात एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: आम्लता. साखर करणाऱ्या एन्झाइमांसाठी मॅशचा पीएच ५.३-५.४ पर्यंत आणायची सवय सगळ्यांना असते. फेरुलॉइल एस्टरेजला मात्र ५.७ च्या आसपासचा, म्हणजे थोडा कमी आंबट मॅश जास्त मानवतो. तेव्हा पीएच खाली आणण्यासाठी लॅक्टिक आम्ल किंवा आंबवलेलं माल्ट वापरत असाल, तर ते या थांब्यानंतर घाला. पैसा लागत नाही, फक्त क्रम बदलायचा.

जुन्या बव्हेरियन डिकॉक्शन पद्धतीत हा थांबा न मागता मिळायचा. तापमापक हाताशी नसलेल्या काळात तापमान वाढवायची युक्ती अशी होती की मॅशचा एक हिस्सा वेगळा काढायचा, तो उकळायचा आणि परत मूळ मॅशमध्ये ओतायचा. तो हिस्सा उकळत असताना उरलेला मॅश खालच्या तापमानाला पडून असायचा. ती वाट पाहणं म्हणजेच फेरुलिक आम्ल सुटायला मिळालेला वेळ. डिकॉक्शनमुळे येणारा भाजक्या पावासारखा स्वाद मला आवडतो, पण निव्वळ लवंगेसाठी दिवसभर पातेली उपसायची गरज नाही. नेमक्या तापमानाला केलेला थांबा तेच काम करतो.

आता एक उलटं वाटणारं सत्य. लवंग हवी म्हणून लोक गव्हाचं प्रमाण वाढवतात. ६० टक्के, ७० टक्के. पण मॅशमध्ये सुटं फेरुलिक आम्ल गव्हाच्या माल्टपेक्षा बार्लीच्या माल्टमधून जास्त मिळतं. गहू जसजसा वाढवाल तसतसा लवंगेचा कच्चा माल कमी होण्याचीच शक्यता जास्त. "गव्हाच्या बिअरची लवंग" बऱ्याच अंशी बार्लीची देणगी आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं.

गव्हानं काय मिळतं मग? भरपूर प्रथिनं, त्यामुळे दाट, टिकाऊ फेस आणि ढगाळपणा, जिभेवर मऊ भरीवपणा. आणि डोकेदुखीही. गव्हाला बार्लीसारखं फोलपट नसतं. बार्लीची फोलपटं मॅशच्या तळाशी बसून नैसर्गिक चाळणी तयार करतात. निव्वळ गव्हाच्या मॅशचा चिकट लगदा होतो आणि त्यातून वर्ट गळायलाच तयार होत नाही. मी एकदा ८० टक्के गहू घेतला होता. दोन तास तोटीसमोर बसून थेंब मोजले.

यीस्टला येत असेल तरच

मॅशमध्ये सुटं झालेलं फेरुलिक आम्ल वर्टमध्ये उतरतं. उकळताना त्यातलं थोडं उष्णतेनंच बदलतं, पण खरं काम यीस्टचं. फेरुलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड एवढा एक तुकडा काढून टाकला की उरतं ते ४-व्हायनिल ग्वायकॉल. हा तुकडा काढण्यासाठी यीस्टकडे दोन जनुकं धड अवस्थेत असावी लागतात, पॅड-१ आणि एफडीसी-१.

बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये ती धड नसतात. फेरुलिकसारखी आम्लं यीस्टला त्रासदायक असतात, त्यामुळे रानटी यीस्टला त्यांचा निकाल लावता येणं सोयीचं. पण माणसानं शतकानुशतकं बिअरसाठी यीस्ट राखलं, एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात नेलं आणि लवंगेचा-धुराचा वास येणारं यीस्ट बाजूला टाकत गेला. बहुतेक बिअरमध्ये तो वास दोष मानला जातो. हळूहळू या जनुकांत मोडतोड झालेली वाणंच उरली. २०१६ मध्ये दीडशेहून अधिक औद्योगिक यीस्टचे जनुकसंच तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे स्पष्ट दिसलं. गव्हाच्या बिअरची यीस्ट त्याला अपवाद. त्यांच्यात ही जनुकं शाबूत आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्या जनुकसंचात बिअर-यीस्ट आणि वाइन-यीस्ट अशा दोन घराण्यांची सरमिसळ आढळते.

थोडक्यात, तुम्ही मॅशमध्ये कितीही निगुतीनं फेरुलिक आम्ल सोडवा, लागर यीस्ट (थंड आंबवल्या जाणाऱ्या नेहमीच्या फिकट बिअरचं) घातलंत तर लवंग शून्य. गहू वापरूनही तटस्थ वासाची जी अमेरिकी पद्धतीची बिअर मिळते, तिचं रहस्य एवढंच. बेल्जियन विटबिअरही गव्हाचीच, पण तिच्यात मोड न आणलेला गहू असतो आणि धने व संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. ती वेगळी गोष्ट.

बव्हेरियात सर्वांत जास्त नाव झालेलं वाण म्हणजे फ्रायसिंगमधल्या वाइहेनस्टेफानच्या यीस्ट-संग्रहातलं ६८ क्रमांकाचं. जगभरच्या यीस्ट विकणाऱ्या कंपन्यांच्या यादीत गव्हाच्या बिअरसाठी जी वाणं दिसतात, त्यांतली काही याच घराण्यातली.

हे वाण टिकलं कसं, याचा विचार करताना बव्हेरियाचा इतिहास आठवतो. १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या हुकुमात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टींना मुभा होती. गहू त्यात नव्हता. तरी गव्हाची बिअर चालू राहिली ती खास परवान्यावर. डेगेनबर्ग घराण्याकडे तो हक्क होता. १६०२ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक गेला आणि हक्क बव्हेरियाचा ड्यूक पहिला माक्सिमिलियान याच्या हाती आला. बार्ली सोडून कशाचीही बिअर नको म्हणणाऱ्या राजघराण्यानंच मग गव्हाच्या बिअरवर तिजोरी भरली! पुढे लोकांची आवड बदलली, धंदा ओसरला आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरनं ती बनवायचा हक्क मिळवला. श्नायडर घराणं आजही केलहाइम गावात गव्हाची बिअर बनवतं.

केळं: यीस्टच्या कामाचा भार

केळ्याचं गणित निराळं. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट दोन भागांच्या जोडणीतून बनतं. एक आयसोअमाइल अल्कोहोल, जे यीस्ट ल्युसिन या अमिनो आम्लापासून किंवा साखरेपासून बनवतं. दुसरा भाग अ‍ॅसिटिल-कोए, पेशीच्या चयापचयातला अगदी मध्यवर्ती रेणू. दोघांना जोडणारं एन्झाइम मुख्यतः एटीएफ-१ या जनुकावरून तयार होतं. केळं वाढवायचं म्हणजे कच्चा माल वाढवायचा किंवा हे जोडणारं एन्झाइम जोरात चालेल असं करायचं.

तापमान इथे खरंच चालतं. १७-१८ अंशांना आंबवलेल्या बिअरपेक्षा २२-२३ अंशांना आंबवलेलीत केळं जास्त येतं. फार वर गेलात तर मात्र नेलपॉलिशसारखा इथाइल अ‍ॅसिटेटचा वासही बरोबर येतो, आणि तो आला की परत घालवता येत नाही.

मग "थंड आंबवलं की लवंग" कुठून आलं? थंड आंबवलं की केळं कमी होतं. लवंगेचा फिनॉल कच्च्या मालाइतकाच राहतो, तापमानाशी त्याचं नातं त्या मानानं सैल आहे. केळ्याचा गोंगाट थांबला की मागे उभी असलेली लवंग दिसते. पण मागे कुणी उभंच नसेल तर पडदा बाजूला करून काय दिसणार? माझ्या त्या बिअरचं नेमकं हेच झालं होतं.

जर्मन ब्रुअर एक ठोकताळा सांगतात: यीस्ट घालतानाचं तापमान आणि आंबवण्याचं तापमान यांची बेरीज ३० व्हावी. १२ अंशांना यीस्ट घाला, १८ पर्यंत चढू द्या. मी तो नियम पाळतोच असं नाही, पण त्यामागचं शहाणपण पटतं. सुरुवातीच्या तासांत यीस्टची वाढ जोमानं होत असते. तेव्हा थंडी असली तर उग्र अल्कोहोल आणि नको ते एस्टर आटोक्यात राहतात.

ऑक्सिजनबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे सर्वसाधारण सल्ला आणि गव्हाच्या बिअरची गरज यांची टक्कर होते. एरवी सांगतात, वर्टमध्ये भरपूर हवा मिसळा, यीस्ट सुदृढ होतं. खरं आहे. पण ऑक्सिजन आणि असंतृप्त मेदाम्लं ही दोन्ही एटीएफ-१ जनुकाला दाबतात. म्हणजे हवा जास्त, केळं कमी. उकळल्यानंतर तळाला बसणाऱ्या गाळात मेदाम्लं असतात, म्हणून तो गाळ आंबवायच्या भांड्यात खूप गेला तरी परिणाम त्याच दिशेचा. स्वच्छ वर्ट, बेताची हवा, बेताचं यीस्ट: केळं हवं असणाऱ्यांनी हे तीन शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत. "बेताचं" म्हणजे उपाशी मारणं नव्हे. यीस्ट फारच कमी घातलं तर आंबवण रेंगाळतं आणि गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास घेऊन बसतं.

भांड्याचा आकार हाही केळ्याचा एक मालक आहे. आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड द्रवात विरघळून राहिला तर एस्टर कमी बनतात, आणि तो किती विरघळणार हे दाबावर ठरतं. दहा मीटर उंचीच्या द्रवाच्या तळाशी जवळपास एक बार जादा दाब असतो. त्यामुळे उंच पोलादी टाकीत आंबवलेली बिअर आणि उथळ, उघड्या हौदात आंबवलेली तीच बिअर यांच्या वासात फरक पडतो. काही बव्हेरियन कारखान्यांनी उघडे हौद अजून मोडीत काढले नाहीत ते केवळ हौसेपोटी नाही. शिवाय गव्हाचं यीस्ट वर तरंगून जाड सायीसारखं साचतं, उघड्या हौदातून ते ताजं ताजं वरून उचलून पुढच्या घाण्याला वापरता येतं. घरी वीस लिटरच्या बादलीत बिअर करणाऱ्याला दाबाची चिंता नको. त्याची बादली उथळ हौदच आहे.

केळं मॅशमध्येही वाढवता येतं

इथवर वाचून वाटेल की वाटणी झाली: लवंग मॅशमध्ये, केळं आंबवताना. मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो. मग वाइहेनस्टेफानचे संशोधक मार्कुस हेरमान यांच्या कामाबद्दल वाचलं आणि वाटणीची रेघ पुसली गेली.

नेहमीच्या वर्टमध्ये सगळ्यात जास्त साखर असते माल्टोज. दोन ग्लुकोज जोडून बनलेली. सुटं ग्लुकोज त्यामानानं थोडं, आंबणाऱ्या साखरांमध्ये साधारण दहावा हिस्सा. यीस्टला माल्टोजऐवजी ग्लुकोज जास्त मिळालं तर ते अ‍ॅसिटेट एस्टर जास्त बनवतं, म्हणजे केळं वाढतं. प्रश्न एवढाच की वर्टमध्ये ग्लुकोज वाढवायचं कसं. साखर ओतणं बव्हेरियन नियमात बसत नाही.

माल्टमध्ये माल्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते माल्टोज फोडून ग्लुकोज करतं. मग अडचण काय? वेळेची. माल्टेजला ४५ अंशांच्या आसपास काम करायला आवडतं आणि त्याहून बरंच गरम झालं की ते संपतं. माल्टोज मात्र तयार होतं साठ अंशांच्या पुढे. कामगार हजर असतो तेव्हा काम नसतं आणि काम येतं तेव्हा कामगार गेलेला असतो.

हेरमान पद्धतीनं ही चुकामूक सोडवली. माल्टचा एक भाग आधी साठाच्या पुढे नेऊन त्यात भरपूर माल्टोज होऊ द्यायचं. दुसरा भाग, माल्टेज जिवंत असलेला, राखून ठेवायचा. मग दोन्ही थंड पाण्याबरोबर एकत्र करून सगळा मॅश ४५ अंशांवर आणायचा. आता कामही आहे, कामगारही आहे. तिथे निवांत थांबायचं आणि मग पुन्हा तापवून उरलेल्या स्टार्चची साखर पूर्ण करायची. ग्लुकोजचं प्रमाण नेहमीपेक्षा कित्येक पटींनी वाढतं. आणि ४५ अंश म्हणजे फेरुलॉइल एस्टरेजचंही घर. एकाच थांब्यात केळ्याचीही सोय आणि लवंगेचीही.

मॅश वर नेऊन पुन्हा खाली आणणं हे ज्यानं पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, त्याला वेड्यात काढलं गेलं असेल असं मला राहून राहून वाटतं. घरी करायला ही पद्धत कटकटीची आहे: दोन भांडी, दीड-दोन तास जास्त. आणि एक धोका. ग्लुकोज समोर असताना यीस्ट माल्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोजची चैन फार झाली तर नंतर माल्टोज खायला काचकूच करतं आणि आंबवण अर्ध्यावर अडू शकतं. ज्यांना नियमांचं बंधन नाही ते घरचे ब्रुअर सरळ थोडी ग्लुकोज पावडर घालतात. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण यीस्टला ग्लुकोज कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. बिअर थोडी हलकी, कमी भरीव होते एवढं लक्षात ठेवावं.

मॅशमधल्या बाकीच्या थांब्यांबद्दल फार लिहीत नाही. ५०-५५ अंशांचा प्रथिनांचा लांब थांबा आजच्या, चांगले मोड आणलेल्या माल्टला सहसा लागत नाही, उलट फेस पातळ होतो. ६२-६३ आणि ७२ अंशांचे थांबे साखर आणि भरीवपणा ठरवतात. केळं-लवंगेशी त्यांचा थेट संबंध थोडा.

बाटलीत

आंबवण संपलं म्हणजे वास ठरला असं नाही. पारंपरिक पद्धतीत बाटली भरताना थोडं न आंबवलेलं वर्ट घालतात, जर्मनीत त्याला 'श्पायझ' म्हणजे खाऊ म्हणतात. यीस्ट तो खातं आणि बाटलीत वायू भरतो. गव्हाच्या बिअरमध्ये इतर बिअरपेक्षा खूप जास्त वायू असतो. तो फसफसून वर येताना वास बरोबर घेऊन नाकापर्यंत पोचवतो. मिळमिळीत, वायू कमी असलेली वाइसबिअर बेचव लागते ती बरीचशी यामुळे. एस्टर आत असतात, पण त्यांना वर आणणारं कुणी नसतं.

मग काळ आपलं काम करतो. यीस्टमधून सुटलेली एस्टरेज एन्झाइम केळ्याचं एस्टर हळूहळू पुन्हा तोडतात, लवंगेचा फिनॉलही साठवणीत झिजतो, आणि उष्णता दोन्हींचा वेग वाढवते. म्हणून ही बिअर जपून ठेवायची नाही. ताजी असताना, थंड जागी ठेवून, लवकर संपवायची.

करून बघायचं असेल तर

एकदाच बिअर करून दोन्ही गोष्टी नाकानं पारखता येतात, आणि मी तसं केल्यावरच हे सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं. ५५ टक्के गव्हाचं माल्ट, ४५ टक्के बार्लीचं पिल्सनर माल्ट (साधं, फिकट) घ्या. आम्ल न घालता ४४ अंशांना पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पीएच खाली आणा आणि ६३ व ७२ अंशांचे थांबे घ्या. उकळून, गाळ मागे ठेवून, तेच वर्ट दोन भांड्यांत वाटा. दोन्हींत एकाच पाकिटातलं, सारखंच गव्हाचं यीस्ट. एक भांडं १८ अंशांना, दुसरं २३ ला.

तीन आठवड्यांनी दोन ग्लास शेजारी ठेवून आधी गरम भांड्यातला हुंगा. केळं समोरूनच येईल. मग थंड भांड्यातला. लवंग जास्त आहे असं पहिल्या क्षणी नाक सांगेल. आता परत पहिल्या ग्लासकडे या आणि केळ्याच्या मागे काय आहे ते शोधा. लवंग तिथेही बसलेली असेल, केळ्याच्या आडोशाला.